तिसरा आग्रह

माहरुखने नबीच्या बागेत जेवायला जाण्याचा हट्ट धरला तेव्हाच इस्फंदियारला संशय यायला हवा होता. पण त्याच्या नाकाला बायकोच्या बेताचा वास येण्याआधी बकरीच्या मटणाचा येतो, आणि नबीच्या चुलीवरचं मटण अख्ख्या केर्मानात नावाजलेलं. तो निमूट निघाला. एवढंच नव्हे, तिथल्या लाकडी तख्तावर जोडे काढून बसावं लागतं म्हणून न फाटलेले मोजे शोधून, घालून निघाला.

पिस्ते उतरायचे दिवस होते. दुपारी डोकं भाजून काढणारं ऊन, आणि सूर्य डोंगराआड गेला रे गेला की वारा थेट बरगड्यांत शिरायचा. अशा संध्याकाळी केर्मानात जो घरात जेवतो तो एक तर आजारी असतो, नाही तर चिक्कू. नबीच्या बागेत पाटाच्या कडेकडेने तख्तं मांडलेली होती, त्यांवर गालिचे, लोड, आणि प्रत्येक तख्ताच्या कोपऱ्यात घडी घातलेलं एक जाड पांघरूण. माहरुख सरळ चालत गेली ती पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या वाटेला अगदी खेटून असलेल्या तख्ताशी थांबली.

"हेच कशाला?" इस्फंदियार कुरकुरला. "हात धुवायला जाणारा जो तो आपल्या ताटात बघत जाणार. ते बघ, तिकडे डाळिंबांच्या आड किती निवांत आहे."

"तिकडे डास आहेत."

"या गारठ्यात डास?"

"गारठलेले डास जास्त चावतात. बसा आता."

डास वगैरे काही नव्हते. डाळिंबांच्या आडचं ते तख्त माहरुखने आधीच नबीला सांगून दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलं होतं. तिथे थोड्या वेळाने तूरज येऊन बसणार होता, म्हणजे इस्फंदियारचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्याबरोबर त्याची बायको फरंगीस, म्हणजे माहरुखची सख्खी धाकटी बहीण. या दोघी बहिणी दोघा भावांच्या घरात गेल्या तेव्हा सगळी आळी म्हणाली होती की पोरींनी नशीब काढलं, जावेचा जाच म्हणून नाही. आणि खरंच नव्हता. मग सात वर्षांपूर्वी एके दिवशी या दोघा शहाण्यांनी एकमेकांशी अबोला धरला.

अबोला भावांचा आणि शिक्षा बहिणींना. नवऱ्याने ज्या घराचा उंबरा सोडला तो बायकोने ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे साठी जवळ आलेल्या या दोन बायका कॉलेजातल्या पोरींसारख्या चोरून भेटत. कधी नान भाजणाऱ्या नानवायच्या भट्टीपुढच्या रांगेत, कधी गुरुवारी आईच्या कबरीवर, आणि सगळ्यात जास्त दातांच्या डॉक्टरकडे, कारण तिथे ताटकळत बसायला खुर्च्या असतात. माहरुखचे दात दगडासारखे आहेत, पण इस्फंदियार बाजारात चारचौघांना काळजीने सांगत असे की हिच्या दातांचं काही खरं नाही.

आता तेही संपणार होतं. तूरज तांब्याच्या खाणीतल्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवून बंदर अब्बासला मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. दातांचं दुखणं कितीही वाढवलं तरी ते समुद्रापर्यंत नेता येत नाही. त्या अबोल्यात फरंगीस एकदा गेली की परत केर्मानला येऊन उतरणार कुणाकडे? आणि ती गेली की आपण एका रात्रीत म्हाताऱ्या होऊ, हे माहरुखला स्वच्छ दिसत होतं.

हे दुःख तर होतंच. पण त्याच्या बरोबरीने, आणि खरं बोलायचं तर कणभर जास्तच, तिला एक प्रश्न कुरतडत होता. मुळात भांडण झालं कशावरून?

कुणालाच माहीत नव्हतं. सात वर्षांत तिने आधी जमिनीवर संशय घेतला, मग पाण्याच्या पाळीवर, मग रफसंजानच्या एका विधवेवर, जी चौकशीअंती ऐंशी वर्षांची निघाली. तिने भावांच्या न्हाव्याला विचारलं. पेशइमामाला विचारलं. इस्फंदियारचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो भुलीतून बाहेर येतोय, जीभ अजून जड आहे, अशी संधी साधून तिने कानाशी वाकून पहिला प्रश्न हाच टाकला होता. तो डोळे मिटलेले ठेवूनच म्हणाला, "त्यालाच विचार." तिकडे फरंगीसला तूरजकडून नेमकं हेच उत्तर मिळालेलं. त्यालाच विचार.

तेव्हा माहरुखने हा बेत आखला. आमच्याकडे जेवत्या माणसाच्या जवळून कुणी गेलं की त्याला "या, जेवायला या" म्हणायचंच. त्याला डोकं लागत नाही, तोंड आपसूक म्हणून मोकळं होतं. जाणारा म्हणतो, "नको, अंगी लागो तुमच्या." हे तोंडदेखलं झालं. पुन्हा म्हटलं तरी तो नाही म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं तर मात्र ते मनापासूनचं, मग बसावं लागतं. म्हणून तूरजला या वाटेवरून तीनदा न्यायचा, एवढंच काम. पहिलं आमंत्रण इस्फंदियारच्या तोंडातून निसटलं की पुढचं त्याच्या अब्रूवर सोडायचं, असा तिचा हिशेब होता.

नबीने मटण आणून ठेवलं. हरभऱ्यांत शिजून मऊ झालेलं, वर कश्काचा, म्हणजे आटवून सुकवलेल्या आंबूस ताकाचा, पांढरा थर आणि त्यावर केशराचा शिडकावा. इस्फंदियारने बाह्या सारल्या, भाकरी तोडली आणि जगाशी संबंध तोडला. माहरुख मात्र घास नुसताच चिवडत होती. डाळिंबांच्या पलीकडे तख्त करकरलं, फरंगीसचं ओळखीचं खोकणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने वाटेवर पावलं वाजली.

इस्फंदियार नळीच्या हाडातला मगज ठोकून काढत होता. वर न बघताच तो म्हणाला, "या, जेवायला या."

"अंगी लागो तुमच्या," पाट ओलांडताना पायाखालचा दगड चाचपत तूरज म्हणाला.

मग दोघेही थिजले. माणूस चेहरा विसरेल, आवाज विसरत नाही. इस्फंदियारच्या हातातलं हाड ताटात पडलं. तूरज एक पाय पाटाच्या अलीकडे आणि एक पलीकडे असा क्षणभर उभा राहिला, आणि मग मागे कुत्रं लागल्यासारखा नळाकडे निघून गेला.

"तुला माहीत होतं," इस्फंदियार दबक्या आवाजात म्हणाला.

"मला? मी जेवतेय."

"डास म्हणे! ऊठ, घरी चल."

"अर्धं ताट टाकून? नबी काय म्हणेल? आणि आत्ताच तर बोललात की त्याच्याशी."

"ते बोलणं नव्हतं. तसं मी गाढवालाही म्हणतो."

"मग आता तो परत येईल तेव्हा गप्प बसा," माहरुख गोड आवाजात म्हणाली. "मिर्झा इस्फंदियारने एकाला एकदा बोलावलं आणि दुसऱ्यांदा तोंड फिरवलं, हे उद्या बाजारात कळू दे. आपल्या जिऱ्याच्या दुकानात लोक तेवढंच बोलायला येतील."

इस्फंदियारने आजूबाजूला पाहिलं. बाग भरलेली होती. तूरज हात पुसत परत आला, नजर आपल्या जोड्यांवर. तो नेमका समोर आल्यावर इस्फंदियार भिंतीला सांगावं तसा म्हणाला, "या."

"नको," तूरजही झाडाला सांगावं तसा म्हणाला, "आपली मेहेरबानी."

आणि तो गेला.  दोन झाले. आता तिसऱ्यांदा त्याला इकडे पाठवायचं काम फरंगीसचं. फरंगीस लहानपणापासून भित्री. ताकाचा पेला नवऱ्याच्या बाहीवर सांडायचा, एवढं सोपं काम तिला दातांच्या दवाखान्यात दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. ही बया कच खाणार, असं माहरुखला वाटायला लागलं. तेवढ्यात डाळिंबांमागून तूरजचा आवाज आला, "अगं, पेला नव्हे, सगळा तांब्याच ओतलास!"

तूरज आला तेव्हा खांद्यापासून ओला होता. पुदिन्याची पानं त्याच्या बाहीला चिकटली होती आणि वाऱ्याने तो उघड उघड कुडकुडत होता. नळावर त्याने बाही पिळली. परत येताना त्याची पावलं तख्ताजवळ आपोआप हळू झाली. इस्फंदियारने घास खाली ठेवला, हात पुसले आणि या वेळी भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "ये. बस जेवायला."

तिसऱ्यांदा. माहरुख जागा करून बाजूला सरकली. आता तो जोडे काढणार, आता वर चढणार.

तूरज म्हणाला, "नाही बसत."

हा काही रीतीचा नकार नव्हता. त्याला शेपूट नव्हतं, अंगी लागो नव्हतं, मेहेरबानी नव्हती. इस्फंदियारचे कान लाल झाले.

"मी तिसऱ्यांदा म्हणतोय, तूरज."

"म्हणूनच. मागे एकदा तुझ्या तिसऱ्यांदा म्हणण्यावर विश्वास ठेवला होता. सात वर्षं भोगतोय."

"भोगतोयस तू?" इस्फंदियार गुडघ्यांवर उभा राहिला. "वस्तू तुझ्याकडे आणि भोगतोयस तू?"

"कुठली वस्तू?" माहरुखने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. पण आता बांध फुटला होता. "बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी," तूरज म्हणाला, "तुझ्या अंगणात जेवत बसलो होतो, बायका आत. अशीच हवा. मी नुसत्या सदऱ्यावर. तूच आपल्या अंगावरचा बाबांचा कोट काढून माझ्या खांद्यावर घातलास."

"घातला, थंडी वाजत होती म्हणून! जाईपर्यंत!"

"जाताना मी काढून तुझ्या हातात दिला. तू म्हणालास, राहू दे, तुझ्या अंगावर शोभतो. मी नको म्हटलं. तू म्हणालास, तुझाच आहे. मी पुन्हा नको म्हटलं. मग तू म्हणालास, बाबांची शपथ, तुझाच. तिसऱ्यांदा, दादाश! वर शपथ! मग मी काय करायला हवं होतं?"

"आणखी एकदा नको म्हणायचं!" इस्फंदियार ओरडला. "तू दोन्ही वेळा इतकं पुचाट नको म्हणालास, की तिसऱ्यांदा न म्हणणं बरं दिसलं नसतं! मला वाटलं, दुसऱ्या दिवशी आणून देशील. मी चार दिवस दाराकडे बघत होतो. बाबांचा वास होता त्याला. तंबाखूचा आणि मेंढीचा. मी रोज सकाळी दुकानात जाण्याआधी घालायचो तो, ठाऊक होतं तुला."

माहरुखला तो कोट आठवला. मेंढीच्या कातड्याचा, आत लोकर, कोपरावर ठिगळ. एका हिवाळ्यात तो खुंटीवरून नाहीसा झाला होता. इस्फंदियारने कुणाला तरी दान केला असेल, असं धरून तिने विचारलंही नव्हतं. न्हाव्यापासून इमामापर्यंत गाव पालथं घातलं, आणि आपल्याच खुंटीकडे बघायचं राहिलं. तिला स्वतःचाच असा राग आला की काय सांगावं.

"मग परत का नाही दिलास?" तिने तूरजला विचारलं.

"शपथेवर दिलेली वस्तू परत कशी देऊ, वहिनी? तोंडावर फेकल्यासारखं होतं ते. आठ दिवसांनी हा दुकानात मला म्हणतो, काय, आता थंडी नाही ना वाजत? तेव्हा मला कळलं की याला तो द्यायचाच नव्हता. मग नवरोजला धाकटा म्हणून मी याला भेटायला येणार कसा? कोट घालून आलो तर म्हणणार, मिरवतोय. न घालता आलो तर म्हणणार, फेकून दिला. तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेलो."

"आणि मी म्हटलं, कोट घेतला आणि नवरोजला तोंडही दाखवलं नाही," इस्फंदियार म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "सगळा हिवाळा तुला बाजारात त्या फाटक्या स्वेटरात बघितला. वाटलं, माझ्याकडून घेतला आणि याला घालायचीही लाज वाटते."

"घातला नाही मी तो. एक दिवससुद्धा नाही. कसा घालणार?"

 डाळिंबांच्या कडेला फरंगीस रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती आणि रडत होती. ती बेताबरहुकूम रडत होती की खरोखर, हे माहरुखला पहिल्यांदाच ओळखता आलं नाही. तिला स्वतःला एकाच वेळी हसू येत होतं, रडू येत होतं आणि या दोन म्हाताऱ्यांची टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

"एका कोटासाठी," ती एवढंच म्हणाली. "माझी बहीण मला दातांच्या डॉक्टरकडे भेटत होती. एका कोटासाठी."

"कुठे?" इस्फंदियारने दचकून विचारलं. पण हा प्रश्न पुढे न्यायची ती वेळ नव्हती, हे त्यालाही कळलं. समोर त्याचा भाऊ थरथरत उभा होता, दात वाजत होते, आणि कुणी पुन्हा म्हणेपर्यंत हलायला तयार नव्हता. चौथ्यांदा काय म्हणायचं असतं, याची तर रीतच नाही.

"बस रे गाढवा," इस्फंदियार म्हणाला. "न्यूमोनियाने मरशील आणि मलाच खांदा द्यावा लागेल."

तूरज ताबडतोब बसला. जोडे काढायचेही विसरला. गालिच्यावर चिखल झाला तो झाला. इस्फंदियारने पांघरूण त्याच्या अंगावर फेकलं, प्रेमाने वगैरे नाही, पोतं फेकावं तसं, आणि मटणाचं ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं. फरंगीस आपल्या तख्तावरची वांगी उचलून घेऊन आली. ती माहरुखला इतकी चिकटून बसली की दोघींना एक लोड पुरला.

दोघे भाऊ जेवू लागले. सात वर्षांनी भेटलेली माणसं काय बोलतात, याचंही माहरुखला कुतूहल होतं. पण ते फार काही बोलले नाहीत. मीठ कमी आहे असं एक म्हणाला, दुसरा म्हणाला नबी म्हातारा झाला. चहा आला. साखरेचा खडा दातात धरून इस्फंदियारने शेवटी विचारलंच.

"कसर लागली का त्याला?"

"कापूर घालून ठेवलाय. दर वर्षी हिच्या नकळत उन्हात घालतो." तूरजने पेला खाली ठेवला. "उद्या आणून देतो, दादाश."

"छे छे," इस्फंदियारचं तोंड म्हणालं, "राहू दे, तुझ्याच अंगावर तो—"

फरंगीसने डोळे गच्च मिटून घेतले. माहरुखच्या हातातला पेला हवेतच राहिला. एका शब्दावर पुन्हा सात वर्षं लोंबकळत होती, आणि या वेळी मध्ये बंदर अब्बास होतं. तूरज भावाकडे बघत होता. तो होही म्हणत नव्हता आणि नकोही म्हणत नव्हता. दोन्हींची त्याने धास्तीच घेतली होती.

इस्फंदियारने तोंड मिटलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या गारठ्यात. सगळ्या आयुष्यात कुणी देऊ केलेली वस्तू पहिल्याच फटक्यात हवी म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली नव्हती, आणि ते किती जड जातं हे माहरुखला त्याच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

"आण," तो म्हणाला. "मला हवाय."

"आणतो."

"आणि ते बंदर अब्बास म्हणजे नुसता घाम. उन्हाळाभर इकडे येऊन राहत जा. दोघंही. आमच्याकडे."

माहरुख बहिणीचा हात घट्ट धरून थांबली. हे रीतीचं होतं की खरं, हे तिला, त्याच्या बायकोला, चाळीस वर्षांनंतरही सांगता येईना. तूरजलाही येत नव्हतं. मग त्याने असं काही केलं जे केर्मानात कुणी करत नाही. त्याने विचारलं, "खरं म्हणतोस?"

"खरं म्हणतो."

"मग येतो. उन्हाळाभर."

शेजारच्या तख्तावर चादर लपेटून बसलेली एक म्हातारी हे सगळं कान टवकारून ऐकत होती. ती आपल्या नवऱ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघितलंत? एक सरळ मागतोय, दुसरा लगेच येतो म्हणतोय, तेही उन्हाळाभर! काही वळण म्हणून नाही हो या लोकांना."

माहरुखला उठून तिचा मुका घ्यावासा वाटला.